दोरीचं दुसरं टोक

समोरच्या खोलीत नव्याने राहायला आलेली शेजारीण त्या दिवशी दिवेलागणीला माझ्या दारात उभी राहिली. हातात चिमट्यांचा डबा, चेहऱ्यावर हसू. पोरगी तशी गोड आहे, पण तोंडाला कुलूप नाही. आल्या आल्या तिने माझ्या पडद्यांची, कपाटाची, चपलांच्या फळीचीसुद्धा चौकशी केली आणि मग मुद्द्यावर आली.

“मावशी, तुमच्या खिडकीच्या गजापासून आमच्या कठड्यापर्यंत एक दोरी बांधूया का? कपडे वाळत घालायला. तुमचेही वाळतील की. त्या काठ्यांवर किती दिवस काढणार?”

“नाही,” मी म्हणाले.

जरा जास्तच तोडून म्हणाले असेन, कारण तिचं हसू तिथल्या तिथे मावळलं. तेवढ्यात वीज गेली. मी चाचपडत कंदील शोधला, काच पुसली, वात पेटवली. उजेडात पाहिलं तर ती अजून तशीच उभी होती, डबा छातीशी धरून, काहीतरी सांगायचं राहून गेल्यासारखी.

मला वाईट वाटलं. तिचा काय दोष? आमच्या घरात दोरी का नाही हे तिला कोण सांगणार? पडदे सळईवर, कपडे काठीवर. पिशवीचे बंदसुद्धा मी कधी लोंबू देत नाही. शेजारपाजारचे मला विक्षिप्त म्हणतात ते मला ठाऊक आहे.

“बस,” मी म्हणाले. “सांगते. मग मला वेडी म्हण, नाहीतर आणखी काही.”

ती बसली. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं. ते आम्ही कधीच लावत नाही. तिने एकदा त्या अंधाराकडे पाहिलं आणि खुर्ची कंदिलाजवळ ओढून घेतली.

आमचं घराणं पाणबुड्यांचं. आधी बाबा पाण्यात उतरायचे, नंतर माझा धाकटा भाऊ उतरायला लागला. मी कधी पाण्यात उतरले नाही. माझं काम दोरी धरायचं.

आमच्या त्या किनाऱ्याला पाणी कायम गढूळ. खाली गेलेल्या माणसाला स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून कमरेला दोरी बांधून उतरायचं आणि होडीत बसलेल्याने तिचं दुसरं टोक धरून ठेवायचं. बोलणं सगळं झटक्यांनी. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे आणखी दोरी सोड. तीन म्हणजे वर घे. आणि खालून जे येईल ते वरून जसंच्या तसं परत द्यायचं. एक आला की एक, तीन आले की तीन. परत दिलं की खालच्याला कळतं, वर कुणीतरी आहे, आपल्याला धरून आहे. बाबा म्हणायचे, अंधारात माणसाला हवेपेक्षा याचीच गरज जास्त असते. त्यांनी मला हे इतकं घोटून शिकवलं होतं की पुढे पुढे माझं डोकं मधे यायचंच नाही. झटका आला की हात आपोआप उत्तर द्यायचा. हातमोजे मी कधी घातले नाहीत, कारण त्यातून नीट कळत नाही.

धाकट्याचा झटका मी हजारांत ओळखला असता. दाराची कडी सरकवावी तसा आखूड, खटकन. आणि त्याला एक खोड होती. ‘ठीक आहे’चा झटका दिला की मागाहून एक बारीकशी टिचकी मारायचा. तिचा अर्थ काही नाही. नुसती चेष्टा. मी वर कपाळाला आठ्या घालून बसलेय हे त्याला खाली बसून माहीत असायचं. मला तो ताई म्हणायचाच नाही, मुकादम म्हणायचा. “काय मुकादम, आज हजेरी घेतली का?” मी रागवायचे. कामात चेष्टा नको, एखाद्या दिवशी अंगाशी येईल म्हणायचे. पण खरं सांगायचं तर त्या टिचकीची मी वाट बघायचे. आई-बाबा गेल्यावर मला तो एवढा एकच होता.

त्या वर्षी आम्हाला संग्रहालयाचं काम मिळालं. गावाबाहेर एक भूशिर आहे, समुद्रात लांबवर घुसलेलं. फार जुन्या काळी त्याच्या आडोशाला मोठी आरमारी लढाई झाली होती. तिकडच्या पोराटोरांना ती पाठ असते. शाळेत तिची चित्रं काढायला लावतात. भूशिराच्या माथ्यावर जिंकलेल्या सेनापतीचा पुतळा आहे, समुद्राकडे बोट दाखवणारा, आणि त्या बोटावर कायम एक कावळा. सहली येतात, पुतळ्याखाली फोटो काढतात, चहा पितात, जातात. त्या आडोशाखाली त्याच सेनापतीचं एक जहाज बुडून पडलंय, हे वाटाडे कधी सांगत नाहीत. जिंकणाऱ्यांचंच जहाज. शत्रूने छिद्र पाडलं तसे वरचे लोक उड्या मारून वाचले. खाली वल्हवणारे होते. त्यांच्या पायांत बेड्या होत्या, आणि लढाईच्या वेळी पळून जाऊ नयेत म्हणून वरून झाकणं लावून घेतलेली.

संग्रहालयाच्या साहेबांना त्या वल्हेकऱ्यांचा एक बाक वर काढायचा होता. पावसाळ्याने समुद्र बंद व्हायच्या आत.

पहिल्या दिवशी धाकटा उतरला, बाक सापडला, त्याच्या जागेवर त्याने नारिंगी तरंगता डबा बांधला आणि वर आला. होडी आमच्या मामांची. मामा म्हणजे नात्याने कुणी नाहीत, होडीवाले, पण बाबांच्या वेळेपासूनचे. त्यांनी त्याला चहा दिला. ओठ निळे पडलेले, तरी याची बडबड सुरू.

“काय सांगू मुकादम, खाली झकास बैठक आहे. लांबच्या लांब बाक, लोखंडी कड्या तशाच. हाताने चाचपत गेलो. शेवटची कडी तेवढी उघडी होती. दम लागला होता, म्हटलं बसून घेऊ जरा. तशी टोकाची एकच जागा रिकामी होती.”

“एकच म्हणजे?” मी विचारलं.

“बाकीच्या भरलेल्या,” तो म्हणाला आणि खो खो हसला. मामा हसले नाहीत.

मी त्याच्याकडे बघत होते. कमरेची दोरी त्याने सोडली होती आणि तिचं टोक होडीच्या काठावरून घसरून परत पाण्यात गेलं होतं. उरलेली दोरी माझ्या हातात होती, सवयीने. आणि त्या दोरीला झटका आला.

एकच. लांब, ओढल्यासारखा. दोरीने बोलायचं असतं हे कुणी कधी शिकवलंच नाही, अशा माणसाचा.

मी परत दिला.

विचार करून नाही. विचार करायला वेळ होता कुठे? झटका आला, हाताने उत्तर दिलं. श्वास घ्यावा तसं. मग माझ्या लक्षात आलं की धाकटा माझ्यासमोर बसून चहा पितोय.

“कुणाशी गप्पा चालल्यात गं?” त्याने विचारलं.

मी दोरी भराभरा वर घेतली. टोकाला काही नव्हतं. धाकटा म्हणाला, मासा असेल. मामा म्हणाले, प्रवाह असेल. परत येताना मामांनी होडी जरा जोरातच हाणली.

दुसऱ्या दिवशी आभाळ खाली उतरलं होतं. वारा नाही, लाट नाही, समुद्र शिशासारखा. भूशिर धुक्यात अर्धं बुडालेलं, पुतळा दिसतच नव्हता. दुपार होती, पण उजेडाला जीव नव्हता, आणि पाण्याला कुजलेल्या लाकडाचा वास येत होता. मी धाकट्याला म्हणाले, आज राहू दे.

“का?”

काय सांगणार? दोरी ओढली कुणीतरी, म्हणून? “माझं मन घेत नाही,” मी म्हणाले.

“तुझं मन तर मी आंघोळीला गेलो तरी घेत नाही,” तो म्हणाला. “साहेबांना शब्द दिलाय. बाकाला पट्टे लावतो आणि येतो. तू फक्त हजेरी घे.”

त्याने पाठीवर हवेची टाकी चढवली, तोंडात नळी धरली, मला सलाम ठोकला आणि मागे कलून पाण्यात गेला.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. खटकन एक झटका, मागाहून टिचकी. मी परत दिला. नारिंगी डब्याशेजारी त्याचे बुडबुडे वर येत होते, एका जागी, एका लयीत. पाणबुड्या खाली असला की आम्ही वरचे दोनच गोष्टी बघतो, दोरी आणि बुडबुडे. थोड्या वेळाने पुन्हा एक झटका, पुन्हा टिचकी. माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग लगेचच आणखी एक आला. लांब, ओढल्यासारखा. हाताने परत दिला. पुन्हा आला, जरा आखूड. पुन्हा परत दिला. असं होत गेलं आणि दर वेळी तो झटका थोडा थोडा आखूड होत गेला. माझ्या उत्तरावरून कुणीतरी शिकत होतं. आणि माझा हात त्याला शिकवत होता, मी नको नको म्हणत असताना.

शेवटी तो अगदी धाकट्याचा झटका झाला. कडी सरकवल्यासारखा. फक्त टिचकी नव्हती.

मी स्वतःला समजावलं, खाली गार पडला असेल, चेष्टा सुचत नसेल.

मग दोन आले. दोरी सोड. मी सोडली. पुन्हा दोन. पुन्हा सोडली. दोरी माझ्या हातून सरसर जात राहिली.

“इतकी दोरी कशाला लागतेय त्याला?” मामा म्हणाले. “बाक तर इथेच आहे...” आणि ते बोलता बोलता थांबले.

मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. बुडबुडे होडीच्या डाव्या अंगाला होते, डब्याशेजारी, जिथे असायला हवेत तिथेच. आणि दोरी उजवीकडे तिरकी गेली होती, भूशिराच्या खडकाच्या दिशेने, ताठ.

श्वास एकीकडे आणि दोरी भलतीकडे. जो श्वास घेत होता त्याच्या कमरेला दोरी नव्हती. आणि ज्याच्याकडे दोरी होती...

तेवढ्यात तीन झटके आले.

“ताई,” मामा हळूच म्हणाले, “उत्तर देऊ नका.”

पण तो असेल तर? दोरी कुठे अडकून वळली असेल, खडकाला वेढा पडला असेल, आणि तो तिकडे गुदमरत असेल तर? मला माझा भाऊ वर हवा होता. बाकी काही नको होतं. पुन्हा तीन आले. त्याच्यासारखे, हुबेहूब. मी तीन परत दिले आणि ओढायला लागले.

वजन इतकं होतं की होडी कलली. मामा देवाचं नाव घेत माझ्यामागे दोरीला लागले. हात सोलवटले, दोरीवर रक्त दिसायला लागलं, तरी ती तसूतसूनेच येत होती. एका माणसाचं वजन नव्हतं ते. मग एकदम काहीतरी सुटल्यासारखं झालं आणि दोरी हलकी झाली. पाण्यातून काळा पोशाख वर आला, मग डोकं.

धाकटा होता. आम्ही त्याला काठावरून आत ओढला. मी त्याच्या तोंडावरचं सगळं काढून फेकलं. डोळे मिटलेले, अंग बर्फासारखं, पण छाती हलत होती. मी त्याला मांडीवर घेतलं आणि रडायला लागले. किती रडले, काय बोलले, मला आठवत नाही. माझा भाऊ मला मिळाला होता.

दोरी त्याच्या कमरेत रुतत होती म्हणून मामा ती सोडायला वाकले. बराच वेळ खटपट करून त्यांनी सुरी काढली. “समुद्रावर जन्म गेला,” ते म्हणाले, “पण असली गाठ मी कुणाला मारताना पाहिली नाही.” मग त्यांनी त्याच्या टाकीचा काटा बघितला. मला दाखवला. काटा भरलेल्या खुणेवर होता. त्या टाकीतून कुणी एक श्वासही घेतला नव्हता.

मग आम्ही दोघांनीही मान वर केली.

नारिंगी डब्याशेजारी बुडबुडे येत होते. एका जागी, एका लयीत.

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी यंत्राला हात घातला. “तिकडे बघू नका,” ते म्हणाले. “हा इथे आहे ना तुमच्या मांडीवर? मग तिकडे बघू नका, ताई...”

मी बघितलं. होडी वळली, किनाऱ्याकडे निघाली, आणि मी मान मागे करून बघत राहिले. बुडबुड्यांची लय वाढली होती. धापा टाकल्यासारखी. मग ते विरळ झाले. मग धुकं मधे आलं.

शेजारणीने चिमट्यांचा डबा खाली ठेवला होता. कंदिलाची ज्योत जराही हलत नव्हती. “हवा असेल हो मावशी,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. “जुन्या जहाजात कोंडलेली.”

“साहेबही तेच म्हणाले होते,” मी म्हणाले. “मीही तेच म्हणत आले आहे.”

काम तिथेच बंद पडलं. बाक कुणी काढला नाही, तो अजून तिथेच आहे. मामांनी होडी विकली. पुन्हा कधी रस्त्यात दिसले तर दुसऱ्या गल्लीने जायचे.

इस्पितळात धाकटा शुद्धीवर आला तेव्हा मी त्याचा हात धरून बसले होते. पाणबुड्याचा हात मऊ असतो, सुरकुतलेला, धोब्यासारखा. माझ्या हातात होता त्याला तळव्यावर आडवे घट्टे होते, जाड, जुने, चामड्यासारखे. नर्सने सुई लावताना ते पाहिले. “वल्ही मारतात का हे?” तिने विचारलं. मी हो म्हणाले. मी दुसरं काय म्हणणार होते?

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, खोलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “ताई.”

मुकादम नाही. ताई.

डॉक्टर म्हणाले, डोक्याला हवा कमी पडली की माणूस विसरतो, बदलतो. मी मान डोलावली. त्याला घरी आणलं, जेवू घातलं. गरीब स्वभाव, आवाज नाही, हट्ट नाही. पुढ्यात येईल ते खातो आणि ताट पुसून ठेवतो. मी आजारी पडले की रात्ररात्र उशाशी बसतो. दार मात्र बंद करू देत नाही, कडी लावली की थरथर कापतो. आणि बसतो तो कायम बाकाच्या टोकाला, पाय जुळवून, मधली सगळी जागा मोकळी ठेवून. मागच्या आठवड्यात तुमच्याकडे भिंतीत खिळे ठोकत होते ना? त्या ठोक्यांबरोबर त्याचे खांदे पुढे-मागे व्हायला लागले. ठोके थांबेपर्यंत थांबले नाहीत.

माझी त्याच्यावर माया आहे. खोटं का बोलू? इतकी वर्षं एका छपराखाली काढली. पण इतक्या वर्षांत तो मला एकदाही मुकादम म्हणाला नाही, आणि मी रोज वाट पाहिली.

इस्पितळातून आलो त्याच आठवड्यात मी परसात धुणं वाळत घालत होते. दोरीचं एक टोक खांबाला होतं, दुसरं सुटून पावसाच्या डबक्यात पडलं होतं. ते उचलायला म्हणून मी दोरीला हात लावला आणि एक झटका आला. कडी सरकवल्यासारखा, खटकन. आणि मागाहून एक टिचकी.

मी दोरी टाकून दिली. उत्तर दिलं नाही. घरात माझा भाऊ भात उपसत होता, त्याच्या भांड्यांचा आवाज येत होता. घरात भाऊ असताना मी डबक्याला काय उत्तर देणार? त्याच महिन्यात आम्ही तो गाव सोडला आणि समुद्रापासून लांब इथे आलो. तेव्हापासून माझ्या घरात दोरी नाही.

मी बोलायची थांबले. शेजारणीचे डोळे कंदिलाच्या उजेडात मोठे झाले होते. ती ओठ चावत होती.

“मावशी,” ती म्हणाली, “रागवू नका. मी विचारायला नव्हते आले, खरं तर... सांगायला आले होते. दुपारी तुम्ही झोपला होतात. मी बाहेरून तुमच्या खिडकीच्या गजाला दोरी बांधून टाकली.”

“आणि दुसरं टोक?”

तिने खिडकीकडे पाहिलं.

“दुसरं टोक कुठे आहे?”

“खाली... धुण्याच्या हौदात सोडलंय. नवी दोरी आधी भिजवावी लागते ना, नाहीतर मागाहून सैल पडते...”

मी उठले. तशीच खिडकीपाशी गेले. पडदा सारला. बाहेर चांदणं होतं, गजाला पांढरी नवीकोरी दोरी बांधलेली दिसली. तिथून ती कठड्यावरून खाली अंगणात गेली होती. वारा नव्हता. समोरच्या काठीवर वाळत घातलेल्या माझ्या साडीचा पदर हलत नव्हता. शेजारीण माझ्या खांद्यामागून वाकून खाली बघत होती.

“मावशी,” ती कुजबुजली, “हौदात बुडबुडे येतायत...”

मी दोरीवर हात ठेवला. ती ओली होती. हौदापासून इथवर, गाठीपर्यंत ओली, आणि तिला समुद्राचा वास होता.

झटका आला. एकच. खटकन. मग थोडं थांबून, एक बारीकशी टिचकी.

इतकी वर्षं! इतकी वर्षं अंधारात बसून तो विचारत होता, वर कुणी आहे का.

“ताई.”

मी वळून पाहिलं. तो आतल्या खोलीच्या दारात उभा होता. संध्याकाळ झाली की तो कधी आपणहून उठत नाही. कंदिलाचा उजेड त्याच्या पायांपर्यंतच पोचत होता.

“उत्तर देऊ नकोस,” तो म्हणाला.

आजवर मी त्याच्याशी झटक्यांबद्दल कधी बोलले नव्हते. डबक्याबद्दल नाही, बुडबुड्यांबद्दल नाही. आज सांगितलेलं आतून त्याच्या कानावर गेलं असेल, पण माझ्या हातात दोरी आहे हे त्याला दिसलंही नव्हतं, मी वळेपर्यंत माझी पाठ त्याच्याकडे होती.

तेवढ्यात तीन आले. पहिला खटकन, दुसरा खटकन, तिसरा जरा हळू. दमल्यासारखा. आणि मग टिचकी.

मी दोरीचा एक वेढा मनगटाला घेतला, पाय भिंतीला टेकवला आणि तीन झटके परत दिले.

दोरीला वजन आलं. शेजारीण रडत होती की देवाचं नाव घेत होती, मला कळलं नाही. मी ओढायला लागले.

मागे तो अजून दारातच होता. मला वाटलं धावून येईल, दोरी हिसकावेल. त्याने तसं काही केलं नाही. तो खाली बसला, भिंतीच्या टोकाला, पाय जुळवून, आणि लहान मुलासारख्या आवाजात त्याने मला विचारलं,

“मग मी कुठे जाऊ, ताई?”